उघडे पाट, पुरलेले पाइप : गुरांच्या पाण्याचा एक इतिहास



या व्याख्यानमालेत आपण मालकी या कल्पनेचा इतिहास पाहतो आहोत. जमीन झाली, जंगल झालं. आज पाणी घ्यायचं आहे, आणि त्यासाठी आपण एका अगदी साध्या वस्तूपाशी थांबणार आहोत. ती वस्तू म्हणजे गुरांना पाणी पाजण्यासाठी शेतात पुरलेला पाइप. काळा, प्लॅस्टिकचा, आपले शेतकरी ज्याला एचडीपीई म्हणतात तो. त्याच्या एका टोकाला बोअर, दुसऱ्या टोकाला हौद, आणि हौद भरला की आपोआप पाणी बंद करणारा बॉलकॉक. बस्स, एवढंच. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्यांनी यावर तासभर काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण ऑस्ट्रेलियात हा पाइप पुरायला सत्तर-ऐंशी वर्षांचा उशीर झाला. पाणी वाया जातंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी उशीर झाला. तो का झाला, हा प्रश्न आमच्या मते निव्वळ इंजिनिअरांवर सोडण्यासारखा नाही.

आधी भूगोल. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व आणि मध्य भागाखाली पाण्याचा एक प्रचंड साठा आहे. त्याला ग्रेट आर्टेशियन बेसिन म्हणतात. क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी अशा चार प्रदेशांखाली तो पसरला आहे. क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाच पट. वालुकाश्माचे थर, त्यांच्यावर पाणी न झिरपू देणारे थर, अशी ती रचना आहे. पूर्वेकडच्या डोंगररांगांवर पडलेला पाऊस वालुकाश्मात शिरतो आणि वर्षाला एखाद-दोन, फार तर पाच मीटर अशा वेगानं पश्चिमेकडे, नैऋत्येकडे सरकतो. गोगलगायही त्याच्यापुढे घोडा वाटावी! काही ठिकाणचं पाणी दहा लाख वर्षांहून जुनं आहे. वरच्या थरांनी ते दाबून धरलेलं असतं, म्हणून खाली भोक पाडलं की ते आपसूक वर येतं. पंप नको, मोट नको.

हे आपल्याला नीट लक्षात घ्यायला हवं, कारण आपला अनुभव अगदी उलटा. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते फटीत आणि मुरमात. बोअर मारली तर लागेल, नाही तर धूळ उडेल. लागली तरी मोटार टाकून उपसावं लागतं. उपसायला वीज लागते, वीज गेली की उपसा थांबतो. त्यामुळे पाणी घेण्याला एक आपोआपचा लगाम असतो. आर्टेशियन बोअरला तसा लगाम नाही. तिथे पाणी घेण्यासाठी काहीच करावं लागत नाही, उलट थांबवण्यासाठी काहीतरी करावं लागतं. आजचं सगळं व्याख्यान खरं तर या एका उलटापालटीवर उभं आहे.

या पाण्याची पहिली ओळख गोऱ्या वसाहतवाल्यांना झाली ती झऱ्यांमधून. बेसिनच्या कडेकडेनं, विशेषतः दक्षिण ऑस्ट्रेलियात आयर सरोवराच्या आसपास, हे दाबाखालचं पाणी फटींतून वर येतं आणि वर्षानुवर्षं साचलेल्या क्षारांचे, मातीचे उंचवटे तयार होतात. उंचवट्याच्या माथ्यावर झरा! अराबना आणि इतर आदिवासी समाज हजारो वर्षं या झऱ्यांच्या आधारानं त्या वाळवंटात राहिले. प्रत्येक झऱ्याला नाव, प्रत्येकाची कथा, कुणी कुठे पाणी प्यावं याचे संकेत. ही ओळख पाण्याची नुसती खूण नव्हती, ती व्यवस्था होती. जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा शोधक १८५०-६० च्या दशकांत या झऱ्यांच्या माळेवरूनच उत्तरेकडे गेला. मग १८७२ मध्ये पूर्ण झालेली तारयंत्राची लाइन जवळपास त्याच वाटेनं गेली, आणि त्यामागून रेल्वे. जाता जाता एक गोष्ट आपल्याकडची. या प्रदेशात ओझी वाहणारे उंट आणि उंटवाले १८६६ मध्ये कराचीहून जहाजानं आले होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तिकडे या लोकांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, मग तो बलुची असो की पंजाबी.

पहिली बोअर १८७८ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये, बर्क गावाजवळच्या कल्लारा नावाच्या स्टेशनवर पडली. स्टेशन म्हणजे आगगाडीचं नव्हे. तिकडे मेंढ्या-गुरांच्या विस्तीर्ण कुरणाला स्टेशन म्हणतात. एकेक स्टेशन आपल्या एखाद्या तालुक्याएवढं. १८८० च्या दशकाच्या मध्यात क्वीन्सलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, मेंढ्या लाखांनी मेल्या, आणि सरकारचे भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट लोगन जॅक यांनी खोल बोअर घेऊन पाहण्याचा सल्ला दिला. १८८७ मध्ये बारकॅल्डिन, कनामुल्ला या भागांत पाणी उसळून वर आलं. त्यानंतर जे झालं त्याला सोन्याच्या खाणीवरच्या झुंबडीशिवाय दुसरी उपमा सुचत नाही. १९१५ च्या सुमारास दीड हजाराच्या आसपास बोअर वाहत होत्या, आणि रोज जवळजवळ दोनशे कोटी लिटर पाणी त्यांतून बाहेर पडत होतं. पाणी गरम. काही ठिकाणी हाताला सोसवेल असं, काही ठिकाणी जवळपास उकळतं.

आता हे पाणी गुरांपर्यंत न्यायचं कसं? बोअर एक, आणि कुरण पन्नास किलोमीटर पसरलेलं. मेंढी पाण्यापासून फार लांब चरायला जात नाही. गाय थोडी जास्त जाते, पण तिलाही मर्यादा आहे. म्हणून त्यांनी केलं ते असं : नांगरासारखं अवजार बैलांना, घोड्यांना जुंपून जमिनीत उथळ चर ओढला आणि बोअरचं पाणी त्यात सोडून दिलं. झाला पाट. आपल्याकडे विहिरीचा पाट बांधाला बांध लागून जातो, फार तर दोन-चार शेतं ओलांडतो. हे पाट तीस, पन्नास, क्वचित त्याहूनही जास्त किलोमीटर जात. मोजणीनुसार अशा पाटांची एकूण लांबी हजारो किलोमीटर होती. पाणी दिवसरात्र, बारा महिने, जनावर प्यायला आलं असो वा नसो, वाहतच राहायचं.

यातलं गुरांच्या पोटात किती जायचं? तज्ज्ञांचा अंदाज आहे की शेकडा ९५ भाग किंवा त्याहून जास्त पाणी वाफ होऊन आणि जमिनीत झिरपून जात होतं. हा आकडा पहिल्यांदा ऐकला की विश्वास बसत नाही, म्हणून आपण साधा हिशेब करून बघू. समजा एका बोअरमधून दिवसाला २० लाख लिटर पाणी येतं. त्या पाटावर हजार गुरं आहेत. कडक उन्हाळ्यात एक गाय ७०-८० लिटर पिते. म्हणजे सगळ्या कळपाला दिवसाला ८० हजार लिटर पुरे. २० लाखांतले ८० हजार, म्हणजे शंभरातले चार. हिशेब बसतो. आणि हिवाळ्यात गाय याच्या निम्मंही पीत नाही, पाट मात्र तेवढाच वाहतो.

आता कुणी म्हणेल, त्या काळच्या लोकांना हे कळत नव्हतं. तसं अजिबात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जुन्या बोअरचा जोर कमी होऊ लागला होता. १९१२ मध्ये सिडनीला या विषयावर पहिली आंतरराज्य परिषद भरली. मग १९१४, १९२१, १९२४ आणि १९२८ अशा आणखी चार परिषदा झाल्या. म्हणजे सोळा वर्षांत पाच! दाब घटतो आहे, पाणी वाया जातं आहे, मोजमाप ठेवायला हवं, हे सगळं तिथे बोललं गेलं.

एक वाद मात्र खरा होता. ऐकायला तो विज्ञानाचा वाटतो, पण त्याच्या पोटात नीतीचा प्रश्न होता. जे. डब्ल्यू. ग्रेगरी नावाचे मेलबर्न विद्यापीठातले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आयर सरोवराकडे जाऊन आले आणि १९०६ मध्ये त्यांनी आपल्या पुस्तकात मांडलं की हे पाणी पावसाचं नाहीच. ते पृथ्वीच्या पोटातल्या थंड होत जाणाऱ्या खडकांतून सुटलेलं आहे. न्यू साउथ वेल्सचे सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ पिटमन यांनी याला कडाडून विरोध केला. पाणी पावसाचंच, डोंगरातून झिरपलेलं, असं त्यांचं म्हणणं. पुढे पिटमन यांचीच बाजू खरी ठरली. पण वादाचा अर्थ बघा. पाणी पावसाचं असेल तर ते भरून येतं, म्हणजे ते उत्पन्न आहे. पृथ्वीच्या पोटातलं असेल तर ते संपतं, म्हणजे ते भांडवल आहे. उत्पन्न खर्च करायला कुणाची ना नसते. गंमत अशी की पिटमन बरोबर असूनही व्यवहारात ग्रेगरींचीच भीती जास्त उपयोगाची ठरली असती. पाणी भरून येतं खरं, पण ज्या गतीनं येतं ती माणसाच्या आयुष्याची गती नाही. ‘भरून येतं’ या क्रियापदाला काळाचं माप जोडलं नाही, तर ते क्रियापद आपल्याला फसवतं.

आता मूळ प्रश्न. सगळं कळत होतं, तर बोअरचं तोंड बंद का केलं नाही?

पहिलं उत्तर कायद्याचं. १८४३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात अॅक्टन विरुद्ध ब्लंडेल असा एक खटला झाला. शेजाऱ्याच्या खाणीमुळे एकाच्या विहिरीचं पाणी गेलं. न्यायालयानं म्हटलं, जमिनीखाली अदृश्यपणे झिरपणाऱ्या पाण्यावर ज्याची जमीन त्याचा हक्क. त्यानं ते काढलं आणि शेजाऱ्याची विहीर आटली तरी दाद मागता येणार नाही. हा नियम साम्राज्याबरोबर सगळीकडे गेला. ऑस्ट्रेलियात गेला आणि आपल्याकडेही आला. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा, म्हणजे ईझमेंट अॅक्ट, उघडून पाहा. ठरलेल्या प्रवाहात न वाहणारं जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा जमीनमालकाचा हक्क त्यात उदाहरण म्हणून दिलेला आहे. मराठवाड्यातल्या बोअरवाल्याचा आणि क्वीन्सलंडच्या मेंढीवाल्याचा कायदेशीर आजोबा एकच, असं म्हणायला हरकत नाही.

पण क्वीन्सलंडनं १९१० मध्येच कायदा करून भूजलावरचा हक्क सरकारकडे घेतला आणि बोअरला परवाना सक्तीचा केला. म्हणजे खासगी मालकी हा दोष असेल, तर तो कागदावर लवकर दूर झाला. आणि पाट वाहायचे थांबले का? नाही. सरकारची मालकी झाल्यावरही पाट आणखी काही दशकं वाहत राहिले. मालकी खासगी की सरकारी, या प्रश्नावर आपण मंडळी किती तावातावानं भांडतो. इथे दोन्ही करून झालं आणि पाणी आपलं वाहतच राहिलं.

दुसरं उत्तर आमच्या क्षेत्रातलं. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात एक उदाहरण दिलं आहे. दोन शेजाऱ्यांच्या सामाईक कुरणात पाणी साचलं तर ते दोघं मिळून त्याचा निचरा करतील. कारण एकानं अंग काढलं तर काम होणारच नाही, हे दोघांना दिसतं. पण माणसं हजार असतील तर प्रत्येक जण दुसऱ्यावर भार टाकायला बघेल आणि काम होणार नाही. कुरण, पाणी आणि शेजारी, तिन्ही गोष्टी ह्यूमकडे आधीच आहेत! आर्टेशियन बोअरवर हे तंतोतंत बसतं. मी माझ्या बोअरला व्हॉल्व्ह लावला तर वाचलेला दाब माझ्याकडे साठून राहत नाही. तो जमिनीखालून शेजाऱ्याच्या बोअरला जातो. खर्च माझा, पाणी त्याचं. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी हाच विचार सामाईक कुरणाच्या शोकांतिकेच्या रूपात मांडला आणि तो फार गाजला. तेव्हापासून कुठेही काही सामाईक बिघडलं की लोक हार्डिनचं नाव घेऊन मोकळे होतात.

आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. हार्डिनच्या गोष्टीत माणूस लोभी असतो आणि त्याच्या हातात निवड असते. आपल्या मेंढीवाल्याच्या हातात खरोखर काय होतं ते बघा. जुन्या बोअरच्या लोखंडी केसिंगला त्या गरम, क्षारयुक्त पाण्यानं आतून भोकं पाडली होती. वरचं तोंड बंद केलं तर पाणी खालीच भलत्या थरात फुटून जाणार. म्हणजे आधी बोअर दुरुस्त करायची, बऱ्याचदा नवीनच मारायची, हजार मीटर खोल. समजा तेही केलं. व्हॉल्व्ह लावला, पाणी अडवलं. मग गुरं पाणी कुठे पिणार? पाट म्हणजे फक्त पाणी नेण्याचा मार्ग नव्हता. पाट हाच पन्नास किलोमीटर लांबीचा हौद होता. कुरणाची कुंपणं त्याच्या भरवशावर आखलेली, शेजारच्या चार स्टेशनांचं पाणीही त्याच पाटातून जाणारं, त्याच्या देखभालीसाठी मिळून केलेले ट्रस्ट. पाट बंद करायचा तर पाणी कोणत्यातरी बंद वाटेनं न्यायला हवं. लोखंडी पाइप? किंमत परवडायची नाही, आणि परवडली तरी तेच पाणी तो खाऊन टाकणार.

म्हणून आमचं म्हणणं असं की या गोष्टीतला एक मोठा दोष लोभाचा नसून एका वस्तूच्या अभावाचा होता. ती वस्तू १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत, दुसरंच काही शोधताना, पांढऱ्या मेणचट पदार्थाच्या रूपात हाती लागली. पॉलिथीन. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीगलर यांनी ते कमी दाबावर बनवायची रीत शोधली आणि जास्त घनतेचं, कणखर पॉलिथीन स्वस्तात निघू लागलं. गंजत नाही, वाकतं, भेंडोळं करून ट्रकवर टाकता येतं.

आता हा पाइप पुरतात कसा, हे थोडं तपशिलात सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्याकडे जेसीबीनं चर खणतात, पाइप टाकतात, माती लोटतात. तिथे अंतरं एवढी मोठी की चर खणणं परवडत नाही. बुलडोझरच्या मागे एक जाड लोखंडी फाळ असतो. तो जमीन चिरत जातो, आणि फाळाच्या पाठीला लावलेल्या पन्हाळीतून पाइप सरळ त्या चिरेत उतरत जातो. एकाच फेरीत चीर पडते, पाइप बसतो, माती मिटते. मागे राहते ती फक्त एक उंचावलेली रेघ, तीही पहिल्या-दुसऱ्या पावसात बसते. खोली साधारण दीड-दोन फूट. एवढं खाली कशासाठी? वर ठेवला तर ऊन पॉलिथीनला ठिसूळ करतं, वणवा लागला तर वितळतो, गुरांच्या खुराखाली येतो. शिवाय उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पाणी इतकं तापतं की गुरं तोंड लावत नाहीत. जमिनीत दोन फुटांवर मात्र उन्हाळा बराचसा विसरला जातो.

तिथल्या मिचेल गवताच्या माळांची माती आपल्या काळ्या मातीची सख्खी बहीण आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. अशा मातीत ताठ पाइपाचे सांधे निसटतात. पॉलिथीन थोडं ताणून घेतं, म्हणून ते निभावतं, तरी पाइप ताणून न बसवता थोडा ढिला सोडतात. दुसरी अडचण उष्णतेची. पॉलिथीनला गरम पाणी मानवत नाही, ६०-७० अंशाच्या पाण्यात दाबाखाली ते मऊ पडून फुगतं. म्हणून बोअरच्या तोंडाशी आधी पाणी थंड करण्याची सोय करावी लागते, मग ते पाइपात सोडायचं. तिसरी, हवा. पाण्यात विरघळलेला वायू उंचवट्याच्या जागी पाइपात गोळा होतो आणि वाट अडवतो. म्हणून चढाच्या माथ्यावर हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. औरंगाबादच्या नहरींवर ठरावीक अंतरानं बांधलेले उंच मनोरे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ही अडचण नवी वाटणार नाही. खापरी नळांतून, जमिनीखालून, उताराच्या बळावर शहराला पाणी पुरवण्याचं काम मलिक अंबरच्या काळात आपल्याकडे झालेलं आहे.

वस्तू मिळाली, तरी ह्यूमचा शेजारी शिल्लक होताच. त्याच्यासाठी पैसा आणि करार लागले. १९८० च्या दशकाच्या शेवटी बोअर दुरुस्तीच्या योजना सुरू झाल्या. मग १९९९ मध्ये केंद्र, राज्यं आणि जमीनमालक अशा तिघांनी खर्च वाटून घेण्याची मोठी योजना आली, ती २०१७ पर्यंत चालली. त्या काळात सातशेहून अधिक बोअर ताब्यात आणल्या गेल्या, वीस हजार किलोमीटरांहून जास्त पाइप पुरला गेला, आणि वर्षाला दोनशे अब्ज लिटरांहून जास्त पाणी वाचू लागलं असं सरकारी हिशेब सांगतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आपला प्रबंध दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूजलावर लिहिला होता. शोकांतिका अटळ नसते, लोक नियम करतात आणि पाळतातही, हे त्यांनी पुढे जगभरच्या उदाहरणांनी दाखवलं. इथेही बैठका झाल्या, भांडणं झाली, शेवटी सह्या झाल्या. पण आम्ही आग्रहानं सांगू की त्या सह्यांखाली पाइप होता. पाण्याची दुसरी वाटच नसती, तर कितीही शहाण्या माणसांनी कितीही चांगला करार केला असता तरी तो गुरांनी मोडला असता.

कुरणवाल्यांना यातून काय मिळालं? दाब वाढला हे तर आहेच. काही आटलेल्या बोअर पुन्हा वाहू लागल्या. पण त्यांना खरा फायदा भलतीकडेच दिसला. दरवर्षी पाट साफ करण्याचं, गाळ काढण्याचं जिवावरचं काम संपलं. आणि हौदाचा नळ बंद करता येऊ लागला! पाट असताना कुरणाच्या प्रत्येक तुकड्यात पाणी कायम हजर, म्हणून जनावरंही कायम हजर. आपली गुरं हलवली तरी कांगारू, रानटी शेळ्या, रानडुकरं तिथेच. आता एका कुरणाचं पाणी तोडलं की ते कुरण विसावा घेतं.

आणि बाभळीची गोष्ट. ती सांगितली नाही तर मराठी श्रोत्यांवर अन्याय होईल. आपली ही बाभूळ, नांगराच्या आणि औताच्या लाकडाची, शेळ्यांच्या चाऱ्याची, १८९० च्या दशकात भारतातून क्वीन्सलंडला नेली गेली. उघड्या माळावर मेंढ्यांना सावली नाही, म्हणून १९२० च्या दशकात सरकारच्या शेती खात्यानं ती लावायची शिफारसही केली. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बिया पडल्या, आणि पडल्या कुठे, तर जिथे गुरं रोज येतात तिथे, पाटाच्या ओल्या काठावर. बाभळीला आणखी काय हवं? पाटांच्या कडेनं बाभळींच्या रांगा उभ्या राहिल्या, तिथून ती माळावर पसरली, आणि आज लाखो हेक्टर गवताळ प्रदेशात तिचं काटेरी रान आहे. १९५७ मध्येच ती घातक तण म्हणून जाहीर झाली. इकडे बांधावरचं उपयोगी झाड, तिकडे सरकारी शत्रू. पाट बुजवले की तिचा एक मोठा आधार जातो, एवढं नक्की. सगळी जाते असं मात्र नाही.

या पाइपाची दुसरी बाजूही आहे. पाट फुटला तर दिसतो. पाइप जमिनीत फुटला तर हौद कोरडा पडल्यावरच कळतं. पन्नास किलोमीटर पाटावर जनावराला कुठेही तोंड घालता येत होतं. आता सगळा कळप एका हौदावर, म्हणजे एका बॉलकॉकवर अवलंबून. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात हौद दोन-तीन दिवस कोरडा राहिला तर गुरं मरतात. म्हणून स्टेशनवर कुणीतरी दर दोन-तीन दिवसांनी सगळे हौद फिरून बघतं. अलीकडे हौदाच्या पातळीची खबर देणारी यंत्रं बसवतात, तरी फेरी पूर्ण सुटलेली नाही. शिवाय शंभर वर्षं वाहणाऱ्या पाटांवर बेडूक, पाणपक्षी, वेतासारखं गवत यांचं एक जग उभं राहिलं होतं. ते चुकीच्या पाण्यावर उभं होतं, हे खरं. पण बेडकाला ते कोण सांगणार? पाट बंद झाले तेव्हा या कारणासाठीही काही लोकांनी हळहळ व्यक्त केली, आणि ती हळहळ आम्हाला हास्यास्पद वाटत नाही.

तरी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात झरे आहेत. बेसिनभर बोअर पडल्यामुळे काही भागांत दाब ऐंशी मीटर आणि त्याहूनही जास्त घसरला, आणि पुष्कळ झरे कायमचे गेले. जे उरले त्यांतल्या काहींत असे जीव आहेत की जे पृथ्वीवर दुसरीकडे कुठेच नाहीत. क्वीन्सलंडमध्ये एजबॅस्टन नावाच्या एका जुन्या स्टेशनवरच्या झऱ्यांत तांबड्या परांचा, निळ्या डोळ्यांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा मासा आहे. तो १९९० मध्ये सापडला. २००८ मध्ये एका संवर्धन संस्थेनं ते स्टेशनच विकत घेतलं. त्या माशाचं अख्खं जग म्हणजे घोटाभर पाण्याची काही डबकी. त्या डबक्यांतलं पाणी टिकतं की नाही, हे दूरवरच्या कुणाच्यातरी बोअरला व्हॉल्व्ह आहे की नाही यावरही अवलंबून असतं.

आता वाचलेलं पाणी कुणाचं, हा वाद उभा आहे. कुरणवाला म्हणतो, माझाही पैसा गेला, वाटा मला द्या. राज्य म्हणतं, यातलं थोडं नव्या परवान्यांसाठी ठेवू. दक्षिण ऑस्ट्रेलियात ऑलिंपिक डॅम ही तांबं आणि युरेनियमची मोठी खाण १९८० च्या दशकापासून याच बेसिनचं पाणी उपसते आहे, आणि अराबना लोकांच्या भूमीतले झरे तिच्या बोअरक्षेत्राच्या जवळ आहेत. पूर्वेकडे कोळशाच्या थरांतला वायू काढणाऱ्या कंपन्या त्या थरांतलं पाणी उपसतात. म्हणजे एका बाजूला मेंढीवाल्यानं पाइप पुरून थेंब-थेंब वाचवायचा, आणि दुसऱ्या बाजूला तोच दाब उद्योगाच्या परवान्यात जमा व्हायचा, असंही घडू शकतं. १९१० च्या कायद्यानं पाणी कुणाचं हे सांगितलं होतं. न काढलेलं पाणी, म्हणजे नुसता दाब, कुणाचा, हे त्यात नव्हतं. झऱ्याला दाब हवा असतो. तो मागायला झरा परिषदेत येत नाही, अराबना मात्र येतात, आणि अलीकडच्या वर्षांत त्यांना बोलावलंही जातं.

खाणीचे करार आणि झऱ्यांवरचा आदिवासींचा दावा हा विषय एका व्याख्यानाचा ऐवज आहे, तो आपण पुढच्या सत्रासाठी ठेवू. आज वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर पुढची पंधरा मिनिटं आपल्याकडे आहेत.